तीन कोटेशनांचा फॅन

१८ ऑगस्ट, सोमवार. सकाळी सात.

नवी वही. कंपनीची आहे. निघताना चार आणल्या. सव्वीस वर्षं चाकणला परचेस खात्यात काढली, त्यापुढे चार वह्या म्हणजे काहीच नाही.

व्हीआरएस घेऊन पाच महिने झाले. खात्यात नवं सॉफ्टवेअर आलं आणि साहेब म्हणाले, बबनराव, आता ऑर्डर आपोआप जाते. जाऊ दे. कुठे जाते ते कळेलच त्यांना.

आजपासून प्रोजेक्ट सुरू. घराच्या वरच्या मजल्यावरची रिकामी खोली, आठ बाय दहा. त्यात धिंगरी मशरूम. एक दिवसाचं ट्रेनिंग झालं आहे. गव्हाचं काड भिजवायचं, उकडायचं, बी घालून पिशव्यांत भरायचं, वीसेक दिवस अंधारात ठेवायचं. पिशव्या आतून पांढऱ्या झाल्या की त्यांना ओलावा आणि ताजी हवा द्यायची. आठवड्यात मशरूम. माझ्यासारख्या माणसाला अवघड असं यात काही नाही.

त्याच दिवशी, रात्री.

शालनची अट आली. त्या खोलीवर तिचा आधीपासून डोळा आहे. शिवणक्लास काढायचा आहे तिला. सहा बायकांची नावं लिहून ठेवली आहेत, पहिलं नाव दादाच्या सुनेचं, उत्कर्षाचं. म्हणाली, दसऱ्यापर्यंत खोली तुमची. दसऱ्याला तुमचं मशरूम पाटीत दिसलं तर पुढेही तुमची. नाही दिसलं तर माझ्या मशीनची पूजा त्याच खोलीत.

मी म्हटलं, लेखी करू. ती म्हणाली, अहो, घरात कसलं लेखी, मी मोठ्या भाऊजींसमोर बोलते. आणि खाली जाऊन बोललीसुद्धा. सोनबादादाची पिठाची गिरणी आमच्या जिन्याच्या पायथ्याशीच आहे. गिरणी चालू होती तरी दादाला ऐकू आलं. म्हणाला, व्हय, आयकलं म्या.

दीड महिना. भरपूर वेळ आहे.

२१ ऑगस्ट, गुरुवार

सगळा प्रश्न एक्झॉस्ट फॅनचा आहे. बाकी कुणीही करेल. ट्रेनिंगमधले सर म्हणाले होते, एवढ्या खोलीला साधा सहा इंची फॅन पुरे, बाथरूमला लावतात तो. भला माणूस. पण इंडस्ट्रीचा अनुभव नाही.

मी हिशेब केला. आठ गुणिले दहा गुणिले उंची नऊ, म्हणजे सातशे वीस घनफूट हवा. ती मिनिटाला एकदा बदलायची, म्हणजे मिनिटाला सातशे वीस. पुढे व्यवसाय वाढणार, म्हणून दुप्पट. जाळीमुळे थोडी घट, अचानक येणारी अडचण, माझा स्वतःचा अंदाज, हे सगळं धरून दोन हजार. सहा इंची फॅन दीडशेच्या आसपास हवा फेकतो. सरांचं गणित किती कच्चं होतं ते इथेच दिसतं.

२५ ऑगस्ट, सोमवार

वीस पिशव्या भरल्या. शालनने मदत केली. म्हणजे पिशव्या तिने भरल्या. मी लेबलं लावली. प्रत्येकीवर बॅच नंबर, तारीख, ऑपरेटरचं नाव. ऑपरेटर म्हणजे मी.

आज फॅनची रिक्विझिशनही काढली. कंपनीत अशी पद्धत होती: ज्याला वस्तू हवी त्याने मागणी लिहायची, खातेप्रमुखाने सही करायची, मग परचेसने तीन कोटेशन मागवायची, शेजारी शेजारी मांडून तुलना करायची आणि मग ऑर्डर. सव्वीस वर्षं हेच केलं. म्हणून कधी चूक झाली नाही. (२०११ ची गॅस्केटची भानगड स्टोअरची होती.)

खातेप्रमुख म्हणून शालनची सही हवी होती. तिचे हात काडाने भरलेले. म्हणाली, अहो, सही कसली मागताय, फॅन आणा. सही नाकारली असं नोंदवलं. तोंडी मंजुरी धरली.

२९ ऑगस्ट, शुक्रवार

घरात गणपती. सगळ्या इलेक्ट्रिकच्या दुकानांत लायटिंगला गर्दी. तरीही कोपऱ्यावरच्या माऊलीच्या दुकानात गेलो. दुकानदाराला सगळे माऊली म्हणतात, खरं नाव कुणाला माहीत नाही. स्टुलावर चढून झालरी काढत होता. मी म्हटलं, एक्झॉस्ट फॅनचं कोटेशन पाहिजे, लेटरहेडवर, टेक्निकल डिटेल्ससह. तो म्हणाला, भाऊ, फॅन पाहिजे का कोटेशन? फॅन लगेच देतो.

हेच. असंच फसतात लोक.

४ सप्टेंबर, गुरुवार

तीन ठिकाणी मागणी दिली होती. स्थिती अशी:

माऊली. अगरबत्तीच्या पुड्याच्या मागे लिहून दिलं: फॅन आहे.

चिंचवडचं दुकान. व्हॉट्सॲपवर अंगठा पाठवला. नुसता अंगठा. दर नाही, वॉरंटी नाही.

भोसरीचं दुकान. फोन उचलतात आणि दुसऱ्याशी बोलत राहतात.

एकही कोटेशन नियमात बसत नाही. मुदत आठ दिवसांनी वाढवली.

शालनने विचारलं, फॅन कधी. मी म्हटलं, प्रोसेसमध्ये आहे. ती म्हणाली, पिशव्या पण प्रोसेसमध्ये आहेत, त्या काय थांबणार नाहीत. तिला परचेसमधलं कळत नाही.

९ सप्टेंबर, मंगळवार

आज धक्का बसला. माऊली म्हणाला, बबनभाऊ, तुमचा जीव अडकलाय ना तिनांत? मग तिन्ही कोटेशन मीच देतो. मेहुण्याचं दुकान आहे, साडूचं आहे, त्यांचे छापील कागद माझ्याकडेच असतात. दोन चढी लावतो, माझं उतरतं. कंपन्यांत असंच तर चालतं की.

मी ताडकन उठलो. म्हटलं, आमच्या कंपनीत असलं कधी झालं नाही.

संध्याकाळी फोनवर यशवंतरावांना हे सांगितलं. आमच्या मेंटेनन्सचे यशवंतराव, माझ्याबरोबरच बाहेर पडले. ते बराच वेळ हसले. मग म्हणाले, राव, झाडूची तीन कोटेशन एकाच अक्षरात यायची, तुम्ही फाइलला लावायचात, आठवतं का?

ते अक्षर सारखं दिसायचं. सारखं दिसणं आणि एक असणं यात फरक आहे.

१३ सप्टेंबर, शनिवार

पिशव्या पूर्ण पांढऱ्या झाल्या. एक दिवस आधीच. पिशव्यांकडून ही घाई अपेक्षित नव्हती.

आता ताजी हवा हवी. शालनने खिडकी उघडली. मी बंद केली. अनियंत्रित हवा, धूळ, चिलटं. दारावर कागद लावला: परवानगीशिवाय खिडकी उघडू नये. हुकमावरून.

शालनने वाचलं आणि विचारलं, हुकूम कुणाचा? मी म्हटलं, मॅनेजमेंटचा. ती म्हणाली, मग मॅनेजमेंटला सांगा, स्वयंपाक झालाय, जेवून घ्या.

१८ सप्टेंबर, गुरुवार

पहिलं पीक आलं!

दांडा वीतभर, वर शर्टाच्या बटणाएवढी छत्री. सगळ्या पिशव्यांना असंच. ट्रेनिंगमधल्या फोटोशी जुळत नाही. बहुधा एक्स्पोर्टचा वाण असावा.

प्राजक्ताला फोटो पाठवला. हिंजवडीत नोकरी करते, मारुंजीला खोली घेऊन राहते. पाच मिनिटांत फोन. पप्पा, खोलीत कोंडलेली हवा साठली की मशरूम असंच लांबतं, ते मान वर करून हवा शोधतंय. साधा फॅन लावा ना आजच्या आज.

मुलगी हुशार आहे. पण सगळं मोबाइलवर वाचलेलं.

शालनने ती काढून गाईला घातली. गाईने हुंगलं आणि मान फिरवली. गाईला सवय नाही.

पिशव्या दहा-बारा दिवसांनी दुसरं पीक देतात. म्हणजे अठ्ठावीस-एकोणतीस तारीख. दसरा दोनला. वेळेत आहे. पहिलं पीक ट्रायल धरलं.

२० सप्टेंबर, शनिवार

प्रश्न सुटला.

यशवंतरावांचा फोन. एका बंद पडलेल्या पेंट शॉपचा एक्झॉस्ट भंगारात निघालाय. अठरा इंची, लोखंडी पाती, थ्री फेज. मिनिटाला तीन हजार घनफूट. मला हवे होते दोन हजार. म्हणजे मागणीपेक्षा जास्त, आणि तेही इंडस्ट्रियल.

तीन कोटेशनांचं काय, असं मन म्हणालं. पण नियमातच तरतूद आहे: वस्तू एकाच ठिकाणी मिळत असेल तर एकच कोटेशन चालतं. असला फॅन अख्ख्या मोशीत दुसरा नाही. फाइलला तसा शेरा मारला.

टेम्पोतून उतरवायला चार माणसं लागली. माऊली दुकानातून बघत होता. म्हणाला, भाऊ, मशरूम वाळवायचंय का उडवायचंय? मी माणसांना जिना दाखवला.

२२ सप्टेंबर, सोमवार

घटस्थापना. गवंडी बोलावला. भिंतीला फॅनएवढं भोक पाडून घेतलं, फॅन बसवला. शालन दारात उभी राहून भोकाकडे बघत होती. प्रभावित झाली असावी.

थ्री फेज लाइन घरात नाही, दादाच्या गिरणीला आहे. तिथून केबल वर ओढली. दादाला म्हटलं, तात्पुरतं. दादा म्हणाला, घे की, पर माज्या गिरणीची वेळ मोडू नगं. उपासाचं दळाण आलंय आज सम्दं.

नवरात्रात गिरणी दोनदा धुऊन घेतात आणि राजगिरा, वरई, शिंगाडा दळतात. बायकांची रांग लागते.

गिरणी चालू असतानाच फॅन चालू केला. फुल लोड ट्रायल. गिरणी बंद पडली नाही, फॅनही नाही. खोलीचं दार असं ओढलं गेलं की उघडायला मला भिंतीला पाय लावावा लागला. जिन्यातला सगळा वारा दाराखालच्या फटीतून आत सूं सूं येतो. ह्याला म्हणतात व्हेंटिलेशन. सहा इंची म्हणे!

२४ सप्टेंबर, बुधवार

पिशव्यांचा पांढरेपणा वाढला. बाहेरूनसुद्धा पांढऱ्या. फॅनचा थेट परिणाम.

ओलावा मात्र टिकत नाही. म्हणून पंपाने दिवसातून आठ वेळा पाणी मारतो.

खाली गिरणीत काहीतरी बोलाचाली चालू होती. गवराबाई होत्या, दोन घरं सोडून राहतात, आवाजाला माइक लागत नाही. आरं सोनबा, शिंगाडं दिलं दोन किलो, पीठ पावशेर कमी. उंदरं पाळलीस का गिरणीत?

दादाने स्वतःच्या डब्यातून पावशेर घातलं. तीस वर्षं गिरणी चालवतो, आजपर्यंत असा शब्द कुणी त्याला लावला नव्हता. वाईट वाटलं. नंतर जाऊन सल्ला दिला की गिरणीची पीठ पडायची कापडी नळी बदल, जुनी झाली. वाटल्यास मी तीन कोटेशन मागवतो. दादा माझ्याकडे बघत राहिला. म्हणाला, बरं.

२६ सप्टेंबर, शुक्रवार

वाढ कल्पनेपलीकडे. पांढरा थर आता भिंतीवर, बल्बवर, माझ्या चपलांवरही. इतका जोमदार वाण मी ऐकलाही नव्हता. ट्रेनिंगच्या सरांना फोटो पाठवला. त्यांनी प्रश्नचिन्ह पाठवलं. थक्क झाले असणार.

खाली आज आणखी तिघींची तक्रार. दोघी दळण उचलून चिखली रोडच्या गिरणीत गेल्या. उत्कर्षा सांगत होती, मामंजी दुपारी जेवले नाहीत. शालन म्हणाली, हे सगळं नवरात्रात सुरू झालं, आधी नव्हतं. मी म्हटलं, राजगिरा बारीक असतो, उडतो. ती म्हणाली, उडून जातो कुठे?

हा प्रश्न तिने मला का विचारावा ते कळलं नाही.

२८ सप्टेंबर, रविवार. दुपारी.

शालन खोलीत आली. आठ दिवसांत पहिल्यांदाच. दार उघडायला मी मदत केली.

तिने पिशवीवरून बोट फिरवलं. नाकाजवळ नेलं. मग जिभेला लावलं. म्हणाली, शिंगाडा.

मी म्हटलं, ही मशरूमची पांढरी मुळं आहेत, त्याला मायसेलियम म्हणतात.

तिने बल्बवर बोट फिरवलं. राजगिरा, म्हणाली. मग माझी चप्पल उचलून तळ बघितला. तिथे मी मारलेल्या पाण्याने कणीकच मळली गेली होती. ही वरई असेल, म्हणाली, पण हे मी चाखणार नाही.

पिशव्यांवर खालून हिरवे ठिपके आले आहेत. कणकेला बुरशी. मशरूम एकही नाही.

त्याच दिवशी, रात्री.

विचार केला. फॅनची क्षमता वादातीत आहे. उलट त्याने खालच्या मजल्यावरून पीठ खेचलं, ही त्याच्या ताकदीची पावतीच. चूक असलीच तर जिन्याच्या डिझाइनची. जिना वडिलांनी बांधला.

दादाला सांगायचं का? आधी मूळ कारणांचा रिपोर्ट लिहावा, मग सांगावं. घाईत चुकीची माहिती जायला नको.

२९ सप्टेंबर, सोमवार

रिपोर्ट चार पानं झाला. जिन्याचं चित्रही काढलं, बाणांसकट. द्यायला खाली गेलो. गिरणीत एकही गिऱ्हाईक नव्हतं. अष्टमीच्या आदल्या दिवशी, सकाळी दहा वाजता, दादाच्या गिरणीत एकही गिऱ्हाईक नव्हतं. दादा दगडाला टाकी मारत बसला होता. दगडाला टाकीची गरज नव्हती, महिन्यापूर्वीच मारली होती.

रिपोर्ट खिशातच ठेवला. तोंडी सांगितलं.

दादा म्हणाला, मला म्हाईत हाय.

कधीपासून?

दुसऱ्याच दिशी. जिन्याला पांढरी पावलं वरपोतूर गेल्याती. मी काय आंधळा हाय व्हय?

मग बोलला का नाहीस?

दादाने टाकी खाली ठेवली. म्हणाला, कंपनीतनं आल्यापास्नं पैल्यांदा तू शिट्टी मारत जिना चढलास. म्हनलं, चार दिस जाऊ देत.

रिपोर्ट फाइलला लावला नाही.

३० सप्टेंबर, मंगळवार

दादा म्हणाला होता, मला सांगितलंस ते ठीक, आता गवराबाईला तूच सांग. मी त्यांच्या घरी गेलो. ओट्यावर पाच-सहा जणी होत्या. चिखली रोडला गेलेल्या दोघीही होत्या. सगळं सांगितलं. बाणांचं चित्र दाखवलं नाही.

गवराबाई ऐकून म्हणाल्या, म्हंजी सोनबाचा कायबी दोस न्हाई?

नाही.

समदं पीठ तुज्या पंख्यानं खाल्लं?

खाल्लं.

आन तू कंपनीत सव्वीस वर्सं इकत काय घेत व्हतास रं? त्यात कवा पंखा न्हवता का?

बायका हसल्या. मला उत्तर होतं. कंपनीत मी दीडशेच्या वर फॅन खरेदी केले आहेत. दिलं नाही. ज्याचं त्याचं पीठ मोजून द्यायचं कबूल केलं. संध्याकाळी दोघीही दळण घेऊन दादाकडे परत आल्या. मी पोती उचलू लागलो. दादा म्हणाला, व्हय बाजूला, पाठ धरंल तुजी.

फॅन काढला. यशवंतराव परत घ्यायला तयार नाहीत. म्हणतात, राव, भंगार परत होत नसतं. यात त्यांची पद्धत चुकते.

२ ऑक्टोबर, गुरुवार. दसरा.

काल रात्री पिशव्या उकिरड्यावर नेल्या. खोली शालनने स्वतः धुतली. तीन वेळा. म्हणे, एवढ्या पिठात मुंग्याच शिवणक्लास काढतील.

सकाळी शालनच्या शिलाई मशीनला हळद-कुंकू, झेंडूची माळ. सहा बायका आल्या. उत्कर्षा सगळ्यात आधी, कापड घेऊन. खोली लेखी करारावर दिलेली नाही, हे मी मनात नोंदवलं. ती परत मागण्याचा हक्क माझ्याकडे राहतो.

दुपारी क्लास सुरू झाला. मी दारात उभा होतो. एक म्हणाली, काकू, खोलीत गरम होईल, ह्या भोकात फॅन लावायचा का? सगळ्या माझ्याकडे बघू लागल्या. मी खिशातून टेप काढला. म्हटलं, माप घेतो, तीन दुकानांत विचारू.

शालन म्हणाली, नको. खिडकी उघडली की ह्या भोकातून आपोआप वारा फिरतो, बघा. तिने कापडाचा तुकडा हातात धरला. कापड हललं. मग माझ्याकडे बघून, सगळ्यांसमोर, म्हणाली, अहो, भोक मात्र अगदी जागेवर पाडलंत तुम्ही.

बायकांनी माना डोलावल्या. मी टेप खिशात ठेवला.

भोक गवंड्याने पाडलं होतं. मी दाखवलेली जागा जिन्याच्या भिंतीत होती. तिथे बीम आहे म्हणून त्याने ते दोन फूट सरकवून खिडकीसमोरच्या बाहेरच्या भिंतीत पाडलं.

हे कुणाला सांगितलेलं नाही.